मुलीच्या बापाची तीन वाक्यं

दादा,

गोंडपिपरीच्या वार्ताहराने तुझी निधनवार्ता पाठवली, त्यात 'मितभाषी आणि मनमिळाऊ' असं लिहिलं होतं. दोन्ही शब्द मी कापले. मितभाषी तू कधीच नव्हतास. झटक्यानंतर तुला शब्द सापडत नसत, ती गोष्ट वेगळी. आणि मनमिळाऊ हा शब्द आमच्या धंद्यात अशा माणसाला लावतात ज्याच्याबद्दल लिहिणाऱ्याला काहीच माहीत नसतं. वार्ताहराने फोन करून विचारलं, "मॅडम, मग काय लिहू?" मी म्हटलं, वय आणि गाव पुरे. बातमी चार ओळींची झाली. बाकीचं इथे, आमच्याच पेपरात, लिहिते आहे, कारण तू वाद अर्धवट टाकून गेलास आणि अर्धवट मजकूर पुढे सोडायची मला सवय नाही.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तू गावी एकटा होतास. शेजारच्या सिंधूबाईंनी तुला ऑटोत घालून तालुक्याला नेलं, तिथून चंद्रपूरला आणलं. हातपाय वाचले. बोलणं बिघडलं. डॉक्टरांनी मला समजावलं की डोकं शाबूत आहे, शब्दही आत आहेत, त्यांच्यापर्यंत जायची वाट तेवढी तुटली आहे. तू शेजारी बसून मान हलवत होतास, जणू तूच त्यांना हे सांगितलं होतंस. पाणी हवं असलं की तू 'तिकीट' म्हणायचास. मला 'डेपो' म्हणायला लागलास. सगळी नोकरी एटापल्लीच्या गाडीवर कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाच्या तोंडून हेच निघणार, हे मला पटत होतं. तरी रोज सकाळी "डेपो, डेपो" अशी हाक ऐकून उठायचं आणि मुकाट्याने चहा टाकायचा, हे सोपं नव्हतं.

चंद्रपुरातच, तुकूमच्या माझ्या फ्लॅटवर मी तुला ठेवून घेतलं. वाचा सुधारण्यासाठी चित्रांची कार्डं दिली होती. मी गाईचं चित्र धरायची. तू गाईकडे बघायचास, मग माझ्याकडे, आणि उठून टीव्ही लावायचास. छत्रीचं तसंच. घड्याळाचं तसंच. मी ऑफिसला जाण्याआधी तासभर हे करायची, आणि तू एकदाही, फक्त मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा, गाईला गाय म्हटलं नाहीस. मात्र 'गाव' हा शब्द तुला दर वेळी नेमका सापडे. जेवताना गाव. आंघोळीच्या आधी गाव. पाहुणे आले की त्यांच्यासमोर माझ्याकडे बोट दाखवून गाव, म्हणजे मी तुला डांबून ठेवलंय असा त्यांचा समज व्हावा.

शेवटी मी अट घातली. गावी तू एकटा राहणार. रात्री-बेरात्री काही झालं तर फोनवर सांगता आलं पाहिजे. कोण बोलतोय, कुठून बोलतोय, काय होतंय. तीन वाक्यं, सलग. ती बोलून दाखव आणि जा.

तू तीन बोटं वर केलीस. मी म्हटलं, हो, तीन. रोज दुपारी मी ऑफिसमधून फोन लावायची, तू उचलायचास आणि पलीकडून फक्त पंख्याचा आवाज यायचा. उपसंपादक मंडळी विचारायची, "कोणाचा फोन?" मी म्हणायची, "पंख्याचा."

मग तुला एक जाहिरात दिसली. वाचनालयाच्या फाटकावर डकवलेली होती. आयत्या वेळचं विनोदी नाटक, नवशिक्यांसाठी वर्ग, दर रविवारी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, संहिता नाही, पाठांतर नाही. तू त्यावर बोट ठेवलंस आणि हसलास. इतका हसलास की वॉचमन बाहेर आला.

तू का हसतोयस ते मला कळत होतं, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आपल्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक होतं. नट बाहेरून येतात, संध्याकाळी गाडीतून उतरतात, तोंडाला रंग लावतात. तालीम होत नाही. आज या गावात एक नाटक, उद्या पुढच्या गावात दुसरं, पाठ करायला वेळ कोणाला आहे? म्हणून आडोशाला प्रॉम्प्टर बसतो. प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो, मग नट म्हणतो. आपल्या गावचा प्रॉम्प्टर तू होतास, रजा टाकून टाकून. खून असो की लग्न, तुझा सूर एकच. सपाट, भरभर, गाडीत "पुढे सरका, पुढे सरका" म्हणावं तसा. रडायचं-ओरडायचं काम नटाचं. पाठांतर न करता नाटक होऊ शकतं, हे चंद्रपूरच्या पोरांनी आता जाहिरात देऊन शिकवायचं, याचं तुला हसू आलं होतं.

वर्ग घेणारी ऋतुजा पंचविशीची. पुण्यात नोकरी होती, घरून काम करायची परवानगी मिळाल्यावर परत आली आणि रविवारी हे सुरू केलं. तू पहिल्या वर्गाला जाऊन आलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मी फोन केला. म्हटलं, माझ्या भावाला बोलता येत नाही, तुम्हाला कल्पना आहे ना?

"मॅम, इथे कोणालाच येत नाही," ती म्हणाली. "नवशिक्यांचीच बॅच आहे."

मी पुन्हा समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका मस्त आहेत. काल ते पूर्ण वेळ एक झाड झाले होते."

त्यांचा एक नियम तिने मला सांगितला होता. समोरचा जे देईल ते नाकारायचं नाही. ते घ्यायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं. घरी मी जे जे दिलं ते तू नाकारलंस, दुधीपासून कार्डांपर्यंत. तिथे मात्र तू म्हणे सगळं घेत होतास.

वर्गाच्या शेवटी ठेवलेल्या प्रयोगाच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले. वाचनालयाचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कूलर, जो प्रेक्षकांना वारा आणि कलाकारांना फक्त आवाज देत होता. चंद्रपूरचा उन्हाळा असूनही हॉल भरला होता, कारण प्रत्येक कलाकाराने आपलं अख्खं घर आणलं होतं. तू मला येऊ नको अशी खूण केली होतीस. मी आले, कारण मला वाटत होतं की तू तिथे अडकणार, लोक हसणार, आणि तुला घेऊन बाहेर पडायला कोणीतरी लागेल. हे मी लपवत नाही. माझ्या पर्समध्ये तुझी गोळी आणि पाण्याची बाटली होती.

पहिल्या प्रसंगात तू सलूनमधलं गिऱ्हाईक होतास. बोलायचं नव्हतं. न्हावी बडबडत होता, तू नुसतं त्याच्या कात्रीकडे बघत होतास. लोक हसले. ठीक होतं.

दुसऱ्या वेळी ऋतुजाने प्रेक्षकांकडे प्रसंग मागितला. मागून एक बाई ओरडल्या, "पोरगी पाहाले आले!" प्रणय नावाचा मुलगा, कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात इंजिनियर, नवरदेव झाला. तू मुलीचा बाप. प्रणयने हात जोडले.

"नमस्कार मामाजी. मुलीचं नाव काय?"

त्याने नाव विचारायला नको होतं. तुला नावं सगळ्यात अवघड जात, हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं की काय? तुझं तोंड उघडलं. "ति..." म्हणालास. "तिकी..."

मला कळलं की तिकीट येतंय. मी बाटली बाहेर काढली.

"तिकीट!" मागून एक जण म्हणाला. "वेटिंगवर हाये वाटते पोट्टी."

हॉल हसला. तू नाही हसलास. तुझी मान ताठ झाली आणि जबडा हलायला लागला, जसा गाईच्या चित्रासमोर हलायचा. हशा ओसरला आणि कूलर ऐकू यायला लागला. प्रणयही घाबरला. त्याला काहीतरी बोलून वेळ सावरायची होती, पण तोही नवशिका, त्याचेही शब्द संपले. दोघं एकमेकांकडे बघत उभे. मी उठायला लागले होते.

तेवढ्यात तू मागे सरकलास. भिंतीला टेकून गुडघ्यात वाकलास, तळहात तोंडाशी धरलास, आणि तोच सपाट, भरभर आवाज आला.

"म्हण, नाव जाऊ द्या मामाजी, पयले पाणी पाजा."

प्रणयने इकडे तिकडे पाहिलं. मग आज्ञाधारकपणे म्हणाला, "नाव जाऊ द्या मामाजी, पयले पाणी पाजा."

तू पुढे आलास. मुलीचा बाप म्हणून छाती काढून उभा राहिलास. तोंड उघडलं, काही नाही. परत मागे गेलास, वाकलास. "बाप म्हणते, पाणी पाजतो, पन पोट्टं काय करते थे सांगा." परत पुढे आलास, मिशीला हात लावलास आणि म्हणालास, "पाणी पाजतो. पन पोट्टं काय करते थे सांगा."

स्पष्ट. एकही शब्द न चुकता.

हॉलमध्ये हशा कोसळला. प्रणयने त्यानंतर स्वतःचं डोकं वापरणं बंद केलं. त्याची पाळी आली की तो भिंतीकडे बघायचा. तू मागे जायचास, त्याचं वाक्य त्याला द्यायचास, तुझं तुला द्यायचास, आणि पुढे येऊन बोलायचास.

"म्हण, मी इंजिनियर आहे."

"मी इंजिनियर आहे."

"बाप म्हणते, इंजिनियर त आमच्या गावात बकऱ्या चारून राह्यले, तुमी काय चारता?"

तू पुढे येऊन हे म्हणालास तेव्हा प्रणय खरोखर इंजिनियर असल्यामुळे त्यालाच हसू आवरेना. ऋतुजा कडेला कपाळाला हात लावून उभी होती. तिच्या पद्धतीत प्रत्येकाने आपले शब्द आपण शोधायचे असतात, आणि तू सगळ्यांना वाटून टाकत होतास. थोड्या वेळाने ती खालीच बसली आणि टाळ्या वाजवायला लागली.

मी हसले नाही. तुला दिसलं असेल. मी वाक्यं मोजत होते आणि मला संताप येत होता. घरात महिनोन्महिने गाईला गाय न म्हणणारा माणूस इथे अनोळखी लोकांपुढे बकऱ्यांवर विनोद करत होता.

बाहेर एका मुलाने तुझा हात धरला. "काका, टायमिंग काय आहे तुमचं!" तू नम्रपणे हात जोडून त्याला "तिकीट" म्हणालास. त्याला तोही विनोद वाटला.

ऑटोत बसल्या बसल्या तू तीन बोटं वर केलीस.

"नाही," मी म्हटलं. "ती तुझी वाक्यं नव्हती. मुलीच्या बापाची होती."

तू बोटं खाली घेतली नाहीस.

"आणि फोनवर तुझ्या मागे कोण वाकून उभं राहणार आहे?"

तू बराच वेळ शोधलंस. ऑटो बंगाली कॅम्पच्या चौकात थांबला होता तेव्हा सापडलं. "मी... मीच."

"एक वाक्य बोलायला आधी तेच वाक्य बोलणार. घाईच्या वेळी दुप्पट वेळ लागेल, दादा."

ऑटोवाला आरशातून म्हणाला, "जाऊ द्या न बाई, हासून राह्यले थे." मी त्याला समोर बघून चालवायला सांगितलं.

घरी आल्यावर तू आतल्या खोलीत गेलास, दार लावलंस आणि मला फोन लावलास. मी स्वयंपाकघरात उचलला. आधी लांबून, सपाट आवाजात, "म्हण, सुमे, मी दादा बोलतो." मग जवळून, "सुमे, मी दादा बोलतो." मग लांबून, "म्हण, घरूनच बोलतो." जवळून, "घरूनच बोलतो." तिसरं वाक्य काय होतंय ते सांगायचं होतं. लांबून आलं, "म्हण, भूक लागली." आणि जवळून तेच.

झटक्यानंतर तू मला नावाने हाक मारलीस ती ही पहिली. मी फोनवर म्हटलं, "येते वाढायला." अट पूर्ण झाली असं मी म्हटलं नाही. तू विचारलंही नाहीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभा होतास.

गावी गेल्यावर तू रोज संध्याकाळी फोन करायचास. ऑफिसात पेपरची पानं लावायची नेमकी तीच वेळ, हे तुला माहीत होतं. प्रत्येक वाक्य दोनदा. "म्हण, जेवली का." "जेवली का." मी वैतागून सांगायची की मला पहिल्यांदाच ऐकू येतं, दुसऱ्यांदा बोलू नको. तू दुसऱ्यांदाही बोलायचास. नंतर तुझी हिंमत वाढली. लांबून यायचं, "सुमी म्हणते, औषध घेतलं काय." आणि मग तू गप्प बसायचास, माझ्या बोलण्याची वाट बघत. मी काही वेळ हट्टाने बोलायची नाही. फोनचा वेळ जायचा, समोर पान अडलेलं असायचं. शेवटी म्हणायची, "औषध घेतलं काय?" कारण मी तेच विचारणार होते, दादा. याचाच जास्त राग यायचा.

मग एके सकाळी सिंधूबाई दूध द्यायला आल्या तेव्हा तू घरापुढच्या छपरीत खुर्चीवर होतास, गेलेला. डॉक्टर म्हणाले, फोन करायला वेळच मिळाला नसेल. मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, साधारणपणे असंच असतं. साधारणपणे या शब्दावर मी बातमी घेत नाही, म्हणून मी घरात जाऊन बघितलं. फोन शर्टाच्या खिशात होता आणि शर्ट आतल्या खोलीत खुंटीवर. कुठलाही फोन लावलेला नव्हता. म्हणजे बोलता येतं की नाही, दुप्पट वेळ लागतो की नाही, ज्यावर आपण एवढं भांडलो तो मुद्दाच आला नाही. फोन जवळ ठेव, हे मी अटीत घातलं नव्हतं. कोणाला घालावं लागेल असं वाटतं?

बुद्धवंदना झाली, माणसं छपरीत बसली. नात्यातल्या एक बाई मला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "एकट्याले काऊन जाऊ देलं बाप्पा?" तुला जाऊ दिलं असं म्हणणाऱ्यांनी तुला कधी अडवून पाहिलेलं नाही.

सिंधूबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, भाऊ मस्त बोलत जी आता. रोज आमच्या आंगनात येऊन बसत."

"आधी हळू म्हणायचे आणि मग मोठ्यानं?" मी विचारलं.

"नाई न. असं काऊन करतीन? सीधं बोलत. अटकत, पन सीधं."

त्यांच्याशी सरळ बोलायचास तू. मला रोज दोनदा ऐकवलंस आणि अंगणात सरळ बोलत होतास. मी चहा खाली ठेवला. विचारलं, काय बोलायचे?

"तुमचंच. म्हनत, सुमी माही लय कटकट करते, पन..."

"पण काय?"

सिंधूबाईंनी आठवून पाहिलं. "पनच्या पुढचं नाई सापडे त्याइले. आमी वाट पाहो. माहा मालक म्हने, पन काय भाऊ, सांगा त. मंग थे हासत न घरी जात."

"एकदाही पुढचं बोलले नाहीत?"

"नाई जी."

"एखादा शब्द? चुकीचा का होईना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदर नीट केला. "ताई, तुमाले बरं वाटत असन त मी सांगू काईतरी बनवून?"

नको म्हटलं.

सुमी लय कटकट करते, हे मला मान्य आहे. त्याला साक्षीदार आहेत आणि ते मी छापायला तयार आहे. पण काय, दादा?